महिन्याला पंधरा हजारांचं कंटेंट पॅकेज, अकरा महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, आमच्या पेजवरच्या पोस्ट आणि रील करून देणाऱ्या ह्या एजन्सीचं नाव लिहिणार नाही, विचारूही नका. पोरं वाईट नव्हती, फसवणूक बिसवणूक काही झाली नाही, बिल वेळेवर यायचं (ते तर फारच वेळेवर यायचं) आणि कागदावर जे लिहून दिलं होतं ते काम त्यांनी केलं. तरी मी पाचपैकी अडीचच स्टार देतेय. ते का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या घरून धंदा करणाऱ्या बऱ्याच बायका सध्या ह्या पॅकेजच्या मागं आहेत आणि आठवड्याला एक तरी मेसेज येतोच की ताई तुम्ही घेतलं होतं ना, आम्ही घेऊ का.

आमचं काय, तर कांदा लसूण मसाला. कोल्हापूर. इथं नुसतं 'चटणी' म्हटलं तरी हाच, बाहेरच्यांनी खोबऱ्याची समजू नये. आमच्या आत्ती म्हणजे सासूबाई वीसेक वर्षं गल्लीतल्यांना करून द्यायच्या, लॉकडाऊनमध्ये मी व्हॉट्सॲपला टाकलं आणि ते वाढतच गेलं, आता स्वतःचा डंक म्हणजे मसाला कांडायचं मशीन आहे, हाताखाली चार बायका आहेत, पाकिटावर एफएसएसएआयचा म्हणजे अन्न सुरक्षावाल्यांचा चौदा आकडी नंबर आहे आणि पुण्यामुंबईला कुरिअर जातं. अडचण एवढीच की गल्लीतल्या माणसाला आत्ती माहीत असतात, ठाण्यातल्या बाईला मी कोण ते माहीत नसतं. तिनं साडेसातशे रुपये किलोनं अनोळखी बाईकडून तिखट का मागवावं? हाच प्रश्न घेऊन मी एजन्सीकडं गेले होते.

२०२३ चा दसरा तोंडावर होता. दोन मुलं लॅपटॉप घेऊन घरी आली, आत्तींनी पोहे दिले, पोह्यावर आमचीच चटणी भुरभुरलेली, त्यातल्या एकाला असा ठसका लागला की पहिली पाच मिनिटं पाणी देण्यातच गेली. मग स्लाइड सुरू झाल्या, लोकांच्या उपयोगाचं काहीतरी देत राहिलं की माल आपोआप खपतो हे पटवायला. पहिली मिशेलिनची. ही टायरची कंपनी, तिनं १९०० साली फ्रान्समध्ये गाडीवाल्यांसाठी फुकट पुस्तक काढलं, त्यात नकाशे, टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठं मिळेल, रात्री मुक्काम कुठं करायचा. लोक गाड्या घेऊन फिरले की टायर झिजणार आणि टायर झिजले की नवीन घेणार, साधा हिशोब. पुढं तर त्याच पुस्तकातला स्टार मिळावा म्हणून हॉटेलवाले जीव टाकायला लागले. दुसरी स्लाइड जॉन डिअरची, ती १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी 'द फरो' नावाचं मासिक काढतीय, फरो म्हणजे नांगराचं तास, आणि ते अजून निघतं. मला हे ऐकायला फार आवडलं, खोटं कशाला सांगू.

पण ऐकता ऐकता माझं लक्ष त्या मुलाच्या डोक्यामागं होतं, तिथं कालनिर्णय लटकलेलं. म्हटलं बाबा, फ्रान्सपर्यंत कशाला गेलास, मान वळवून बघ की.

१९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं, म्हणजे माझ्यापेक्षा मोठं आहे ते वयानं. पंचांग घरोघरी सगळ्यांना वाचता येत होतं अशातला भाग नाही, तिथी विचारायला भटजींकडं जावं लागायचं, ते सगळं ह्यांनी तारखेच्या चौकटीत आणून बसवलं, आणि त्यात एकादशी संकष्टीसोबत ईद, नाताळ, पारशांचं नवीन वर्ष पण. मागच्या पानावर लेख, तब्येतीचं, रेसिपी, भविष्य. 'पाकनिर्णय' म्हणून पाककृतींची स्पर्धा पण घेतात. आत्तींच्या ट्रंकेत कालनिर्णयची कापलेली पानं आहेत, पिवळी पडलेली, एकावर तुपाचा डाग आहे आणि रेसिपी अळूच्या फदफद्याची. पुढच्या बाजूला दुधाचा हिशोब, गॅस कधी लावला, कामाची बाई कधी आली नाही, सगळा संसार.

आता ह्यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट सांगते. पावसाळ्यात संकष्टीला आभाळ भरलेलं असतं, चंद्र काय दिसत नाही. मग आत्ती काय करतात, तर कालनिर्णय बघतात, नऊ चव्वेचाळीस लिहिलं असेल तर नऊ चव्वेचाळीस वाजता ढगाकडं बघून नमस्कार करतात आणि ताट घेतात. दिवसभर उपाशी असलेली बाई आकाशातल्या चंद्रावाचून जेवते, भिंतीवरच्या आकड्यावर विसंबून. पन्नास वर्षं बरोबर वेळ छापल्यावर मिळणारी ही गोष्ट आहे. 'भिंतीवरी कालनिर्णय असावे' हे गाणं लोकांच्या तोंडात बसलं ते बसलंच, पण नुसत्या गाण्यानं कुणी उपास सोडत नाही.

मी त्या मुलांना हे असंच्या असं सांगितलं. म्हटलं मला हे पाहिजे, जमेल का. ते म्हणाले, हो मॅडम, ह्यालाच कन्सिस्टन्सी म्हणतात. मी सही केली.

पॅकेज असं होतं. महिना पंधरा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. बारा पोस्ट, चार रील, सणावारांच्या शुभेच्छा त्यातच, महिन्याच्या शेवटी रिपोर्ट. जाहिरातीचे म्हणजे बूस्टचे पैसे वेगळे, हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं, तुम्ही आधीच विचारून घ्या.

चांगलं आधी सांगते. फोटो एक नंबर. त्यांचा एक मुलगा दोन दिवस घरी राहायलाच आल्यासारखा होता, खोबरं भाजताना, कांद्याचे काप उन्हात पसरताना, डंकाखाली हात सावरून मसाला सारताना असे फोटो काढलेत की आत्तींच्या हाताचा एक फोटो मी फ्रेम करून लावलाय. आमचं दुकान गुगलवर नीट लागलं, आधी तो पत्ता मागच्या गल्लीतल्या लाँड्रीवर जायचा. व्हॉट्सॲपचा कॅटलॉग करून दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे महिन्याचं एक शीट असतं, कुठल्या दिवशी काय टाकायचं ते आधी लिहायचं, ही सवय त्यांनी लावली, ती आजपण चालू आहे. अडीच स्टार ह्याचे.

आता उरलेले अडीच कुठं गेले ते.

सुरुवात भाषेपासून झाली. पहिल्या महिन्यातली एक पोस्ट मला पाठ आहे, 'आपल्या चवकळ्यांना द्या एक अविस्मरणीय प्रवास'. मी फोन केला, म्हटलं चवकळ्या म्हणजे काय रे, तर म्हणाला मॅडम टेस्ट बड्स. अरे बाबा, कोल्हापुरात तिखट जिभेला लागतं, कानाला लागतं, डोक्यातनं घाम काढतं, कळ्याबिळ्या काय नसतात आम्हाला. ते आधी दुसऱ्या भाषेत लिहायचे आणि मग मराठी करायचे, हे दोन आठवड्यांत ध्यानात आलं. मग मीच रात्री बसून दुरुस्त करायला लागले, म्हणजे पैसे देऊन काम मलाच.

नोव्हेंबर उजाडला आणि आमच्या पेजवर करवा चौथच्या शुभेच्छा. चाळणीतनं चंद्र बघणारी बाई आणि कोपऱ्यात आमचा लोगो. कोल्हापुरात! माझ्या नणंदेनं स्क्रीनशॉट पाठवला, खाली फक्त एवढंच, 'वैनी काय झालं?' कुणी करवा चौथ करत असेल तर आनंदानं करावं, पण माझ्या गिऱ्हाइकाला मी ज्या घरातली वाटते त्या घरात ती बाई बसत नाही, आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हे पेज कुणीतरी तिसराच चालवतोय.

मग मिरचीचा फोटो. एका पोस्टवर लिहिलेलं 'अस्सल ब्याडगी' आणि फोटोत इंटरनेटवरची गुळगुळीत, लालभडक, चकाकणारी मिरची. ब्याडगी बघितलीय का कुणी गुळगुळीत? म्हाताऱ्याच्या कातडीसारखी सुरकुतलेली असते ती, सुरकुती हीच तिची ओळख, तिखट कमी आणि रंग असा की त्याचा अर्क लिपस्टिक नेलपॉलिशला पण जातो. गडहिंग्लजकडच्या एका शेतकऱ्यानं खाली लिहिलं, 'ही ब्याडगी न्हवं वैनी. तुमास्नी कुणी फसवलं का तुमीच फसवताय?' मला इतकं लागलं ते. फोटो पाच मिनिटांत काढला, पण त्या माणसाला काय उत्तर देणार, बरोबरच होतं त्याचं. आमच्या कोठीत दहा पोती खरी ब्याडगी पडलेली आणि पेजवर परदेशातली कुठली तरी मिरची.

पण कळस झाला तो संक्रांतीला. २०२४ ची संक्रांत १५ जानेवारीला होती, सोमवारी. १४ तारखेला रविवार, म्हणजे भोगी. आता तुम्हाला मी सांगायला नको, मसालेवाल्याला वर्षातला भोगीसारखा दिवस नाही, भोगीच्या भाजीला वांगी, घेवडा, पावटा, गाजर, हरभऱ्याचे घाटे, तिळाचं कूट आणि वर आपली चटणी, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. अख्ख्या महाराष्ट्रात त्या दिवशी ही भाजी शिजत असते. आणि त्या सकाळी सात वाजता आमच्या पेजवर काय, तर पतंग आणि 'मकर संक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा'. दरवर्षी चौदालाच असते असं धरून पोस्ट आधीच लावून ठेवलेली. साडेसातला पहिला मेसेज, 'ताई संक्रांत उद्या आहे, कालनिर्णय बघा.'

कालनिर्णय बघा! मला. ज्या कालनिर्णयखाली बसून मी सही केली होती ते.

खरं सांगायचं तर ह्यात चूक माझी पण होती. डिसेंबरच्या शेवटी रात्री अकराला त्यांनी जानेवारीच्या बारा पोस्ट एकदम पाठवल्या, 'मॅडम ओके का', मी डोळे अर्धे मिटलेले असताना अंगठा दाबला. तारीख बघितलीच नाही. पण मग मी पंधरा हजार कशाचे देत होते?

आमच्या ह्यांनी तेव्हा एक मुद्दा काढला, की अमूलवाले पण दर सणाला, दर मॅचला काहीतरी टाकतातच की, ते चालतं मग आपलं का नाही. मी ह्यावर बराच विचार केलाय. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकवाली पोरगी १९६६ पासून आहे, तीच पोरगी, तेच निळे केस, हातात तोच ब्रेड. सिल्व्हेस्टर डाकुन्हांच्या एजन्सीनं ती केली आणि कुरियन साहेबांनी त्यांना मोकळीक दिलेली की दर वेळी आम्हाला विचारायला येऊ नका, टाका. म्हणूनच कालची बातमी आज होर्डिंगवर दिसायची. गणपतीत 'गणपती बाप्पा मोअर घ्या' लिहिण्याइतका आगाऊपणा त्या पोरीत होता, कुणी हसलं, कुणाला झोंबलं, पण बघणाऱ्याला कळायचं की हे तिचंच बोलणं. आमच्या पोस्टवरचा लोगो झाकला तर ती पतपेढीची, टूथपेस्टची, नगरसेवकाची कुणाचीही असू शकली असती. एवढाच फरक आहे, बाकी सण तेच.

आता मार्च. हा भाग जरा लांब लिहिते, कारण खरं शिकले ते इथं.

११ मार्च २०२४ ला कर्नाटकातल्या ब्याडगी गावच्या बाजारात मिरचीचा भाव कोसळला म्हणून शेतकरी भडकले, बाजार समितीच्या ऑफिसवर गेले, गाड्या पेटवल्या. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. आमचा तर ऐन सीझन, मार्च ते मे, वर्षाची चटणी करून ठेवायचे दिवस. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे मेसेज, सरळ प्रश्न, 'मिरची पडलीय म्हणे, मग तुमचा दर तोच कसा?' आणि प्रश्न चुकीचा नव्हता. मी एजन्सीला विचारलं की ह्यावर काय टाकायचं. उत्तर आलं, मॅडम ह्या महिन्याच्या बारा पोस्ट लॉक आहेत, होळीचं क्रिएटिव्ह मस्त झालंय, आणि निगेटिव्ह विषयापासून ब्रँडनं लांब राहावं.

मी दोन रात्री गप्प बसले. तिसऱ्या दिवशी आत्ती म्हणाल्या, लोक विचारायला लागलेत तर सांग की, चोरी केलीय का. मग मी काय केलं, कोठीत गेले, फेब्रुवारीत घेतलेल्या मिरचीचं बिल आणि मार्चमध्ये घेतलेल्या मिरचीचं बिल शेजारी शेजारी ठेवलं, व्यापाऱ्याचं नाव बोटानं झाकून फोटो काढला आणि जसं बोलते तसं लिहिलं, की निम्मा माल जुन्या भावाचा आहे तो संपेपर्यंत दर हाच राहणार, तो मेच्या पहिल्या आठवड्यात संपेल, मग किलोमागं चाळीस रुपये कमी करेन, कुणाला थांबायचं असेल तर थांबा. आमचे हे म्हणाले, आता सगळे मेपर्यंत थांबणार आणि आपण बसू माशा मारत. काही थांबले पण, खोटं नाही बोलत. पण बाकीच्यांनी त्याच आठवड्यात मागवलं, आणि थांबलेल्यांनी मेमध्ये स्वतःहून आठवण केली की ताई चाळीस कमी झाले का. केले.

फोटो वाकडा होता, बिलावर तेलाचा डाग, लोगो नाही. अकरा महिन्यांतल्या त्यांच्या सगळ्या पोस्ट एकीकडं आणि लोकांनी तेवढ्या मनापासून वाचलेली ही एकच.

मग एप्रिल. हाँगकाँग आणि सिंगापूरनं आपल्याकडच्या मोठ्या ब्रँडच्या काही मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड सापडलं म्हणून विक्री थांबवायला, माल परत घ्यायला सांगितलं, ती बातमी आठवत असेल. फोन थांबेनात. २२ एप्रिलला सकाळी ठाण्यातल्या एका बाईंचा मेसेज, लहान मूल आहे घरात, तुमच्यात ते असतं का, प्लीज खरं सांगा. मी पेज उघडलं तर तिथं हिरवीगार पृथ्वी, तिला मिठी मारणारे दोन हात आणि 'हॅपी अर्थ डे'. वेळेवर पडली होती पोस्ट, एक मिनिट मागंपुढं नाही.

त्या दिवशी मी स्वतः फोन उभा करून व्हिडिओ केला, मागं डंक चालू, आवाज निम्मा त्यातच गेलेला. काय सांगितलं, तर हा वायू मसाल्यातले जंतू मारायला वापरतात, मोठ्या मालाला, आपल्याकडं असली कुठलीच मशीन नाही, आपण ऊन देतो, भाजतो आणि कांडतो. पण माझ्या बोलण्यावर जाऊ नका, मी एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला पाकीट पाठवतेय, जे येईल ते दाखवेन. हे शेवटचं वाक्य बोलून बसले आणि मग टेस्टचा खर्च विचारला, तो ऐकून आमचे हे जेवायचे थांबले. पण बोलून बसले होते. बारा दिवसांनी रिपोर्ट आला, सापडलं नाही असा, चारही पानं जशीच्या तशी टाकली. ठाण्याच्या बाईंनी दोन किलो मागवलं, आणि त्यांच्या सोसायटीतनं आता वर्षाला पंधरा वीस किलो जातं.

त्याच सुमारास एजन्सीनं एक ऑफर दिली की मॅडम गुगलवर पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यू करून देतो, चार हजारांत. मी नको म्हटलं. मोठी तत्त्वाची बाई म्हणून नव्हे, नमुने दाखवले त्यांनी, एकात लिहिलेलं 'चवीला अतिशय स्वादिष्ट उत्पादन, पॅकेजिंग उत्कृष्ट'. अशी बोलणारी गिऱ्हाईक मला आजवर भेटली नाही, आमच्या बायका लिहितात 'ताई मागच्या वेळेपेक्षा मीठ जरा पुढं होतं पण वास छान'. हा मीठ पुढं असलेला रिव्ह्यू खोट्या पन्नासावर भारी आहे. आणि सरकारनं २०२२ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० म्हणून मानक पण काढलंय, काढलं तेव्हा सक्तीचं नव्हतं तरी वारा कुठं वाहतोय ते कळतं.

रिपोर्टबद्दल दोन ओळी. दर महिन्याला बारा पानी पीडीएफ, रीच (किती जणांनी बघितलं) वाढला, इम्प्रेशन (किती वेळा दिसलं) वाढली, हिरवे बाण सगळे वर. मी दर वेळी विचारायचे की ह्यातनं परत मागवणारे किती. ते त्यांच्या पानावर नव्हतं. माझ्या वहीत होतं, कारण माझ्याकडं परत मागवणाऱ्याच्या नावापुढं टिंब द्यायची सवय आहे आत्तींपासूनची. टिंबं वाढली ती बिलाच्या फोटोनंतर आणि लॅबच्या रिपोर्टनंतर, हिरव्या बाणांशी त्यांचा काही संबंध दिसला नाही मला. तुमच्या धंद्यात वेगळं असेल, कपडे दागिने असतील तर नुसत्या दिसण्यावर पण विकलं जातं म्हणतात.

गणपतीच्या आधी, २०२४ च्या ऑगस्टअखेर मी पॅकेज बंद केलं. भांडण नाही, उलट मोदकांचा डबा दिला.

आता मी काय करते हे पण विचारतात म्हणून. आठवड्यातनं एकदा टाकते, शनिवारी संध्याकाळी सात. शनिवार का, तर रविवारी कोल्हापूरकर मटण करणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की आहे, आणि शनिवारी रात्री प्रत्येक घरात डब्यात चटणी किती उरली ते बघितलं जातं. विषय एकच, ह्या आठवड्यात डंकावर काय झालं. कुठली मिरची आली, ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती पडली, ह्या वेळी रंग जरा काळपट का आहे (खोबरं जास्त भाजलं गेलं, आमची चूक), दगडफूल महागलंय, डबा फ्रीजमध्ये ठेवायचा का नाही. एकदा ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर तिखट टाकून दाखवलं, रंग घातलेला असेल तर लगेच लाल रेघा खाली उतरतात. त्यावर कुणीतरी शहाण्यानं विचारलं की ह्यात सगळी भेसळ कळते का, तर नाही कळत, सुदानसारखा रंग तेलात विरघळतो, तो ह्या ग्लासात दिसायचा नाही, त्याला लॅबच पाहिजे, तेही पुढच्या शनिवारी सांगितलं. सणाच्या शुभेच्छा वर्षातनं तीन, दिवाळी, पाडवा आणि भोगी. तारीख कालनिर्णय बघून.

एकदाच मोठी पंचाईत झाली. गेल्या पावसाळ्यात एका घाण्यातला कांदा नीट वाळला नव्हता, पंधरा दिवसांनी मसाल्याला गाठी यायला लागल्या. माल बाहेर गेलेला. तक्रार दोघींचीच आली होती, बाकीच्यांनी बहुतेक चमच्यानं फोडून वापरला असता. शनिवार आला. लिहावं का नको ह्यावर घरात मोठं वाजलं, आमचे हे म्हणाले कशाला आपल्याच पायावर धोंडा, आत्ती काही बोलल्या नाहीत पण ताट न घेता बसल्या. शेवटी सातला टाकलं, ह्या तारखेचं पाकीट असेल तर फोटो पाठवा, बदलून देते, परत पाठवायची गरज नाही. सतरा पाकिटं बदलून दिली. कुरिअरसकट जे गेलं ते जवळपास एका महिन्याच्या पॅकेजएवढं होतं, हा हिशोब आमच्या ह्यांनीच मांडला आणि मग गप्प बसले.

तर घ्यायचं का नाही? ज्यांना अजिबातच वेळ नाही, फोटो येत नाहीत, गुगलवर दुकान नाही, त्यांनी तीन महिन्यांसाठी घ्या, फोटो आणि लोकेशन आणि कॅटलॉग करून घ्या आणि सोडा. सणांच्या पोस्ट आधीच नको म्हणून सांगा, तेवढे पैसे कमी करतात, मी विचारलं होतं. लिहिणं मात्र दुसऱ्याला देऊ नका, चार ओळी येत नसतील तर व्हॉइस नोट टाका, आमच्या आत्तींच्या व्हॉइस नोटला माझ्या लिखाणापेक्षा जास्त लोक उत्तर देतात, त्यात त्या निम्म्या वेळा मला ओरडत असतात.

आणि फोटोवाल्या मुलाचा नंबर मागू नका. त्यानं ती एजन्सी सोडली, आता लग्नाचे फोटो काढतो, तारखा पुढच्या मेपर्यंत फुल्ल आहेत म्हणे. त्याच्या आईला दर दोन महिन्यांनी अर्धा किलो जातं, कमी तिखट, संकेश्वरी निम्मी.